सोनीचा पुढचा हँडहेल्ड: माझा अंदाज, तुमचाही सांगा

सेव्हपॉइंट

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबर २०२४ मध्ये ब्लूमबर्गने बातमी दिली की पीएस५चे (प्लेस्टेशन ५चे) गेम चालवू शकेल अशा हँडहेल्डवर, म्हणजे हातात धरून खेळायच्या यंत्रावर, सोनीत काम सुरू झालंय, पण ते अगदी प्राथमिक टप्प्यावर आहे. तेव्हापासून अफवांचा पूर आलाय. किती कोअर, किती इंच, कुठली चिप. मला इथे त्याबद्दल कमी आणि सोनी नेमका काय डाव खेळेल याबद्दल जास्त बोलायचंय.

माझा अंदाज असा: स्वतःचे वेगळे गेम लागतील असं यंत्र सोनी पुन्हा कधीच काढणार नाही. पुढचा हँडहेल्ड म्हणजे मोठ्या प्लेस्टेशनचीच लहान आवृत्ती असेल. तीच लायब्ररी, तेच अकाउंट, तेच सेव्ह.

कारण व्हिटा, म्हणजे सोनीचं याआधीचं हँडहेल्ड यंत्र. डिसेंबर २०११ मध्ये जपानात आली तेव्हा ५ इंची ओएलईडी स्क्रीन, दोन खऱ्या अ‍ॅनालॉग स्टिक आणि पाठीमागे टचपॅड असं सगळं तिच्यात होतं. हार्डवेअर अप्रतिम. पण तिच्यासाठी गेम वेगळे बनवावे लागायचे, आणि त्याच वेळी पीएस३ चालू होता, २०१३ मध्ये पीएस४ही आला. एका घरात दोन चुली झाल्या आणि लाकडं एकीपुरतीच होती. सोनीच्या मोठ्या स्टुडिओंनी साहजिकच मोठी चूल निवडली.

निन्टेन्डोने हे आधी ओळखलं. २०१३ मध्ये त्यांनी हँडहेल्ड आणि घरच्या कन्सोलचे हार्डवेअर विभाग एकत्र केले. २०१४च्या सुरुवातीला त्यांचे तेव्हाचे अध्यक्ष इवातांनी गुंतवणूकदारांना सांगितलं होतं की पुढची यंत्रं एका कुटुंबातल्या भावंडांसारखी असतील. त्यातून २०१७चा स्विच आला आणि त्याची विक्री १५ कोटींच्या वर गेली.

तुम्हाला काय वाटतं? सोनी याच वाटेने जाईल, की पोर्टलसारख्या (गेम स्वतः न चालवता नेटवरून फक्त दाखवणाऱ्या सोनीच्या यंत्रासारख्या) स्ट्रीमिंगवरच थांबेल?

बटणबहाद्दर

पहिल्या परिच्छेदाशी सहमत, दुसऱ्याशी सहमत, तिसऱ्याला कडकडून विरोध. व्हिटा चुलींमुळे गेली नाही, मेमरी कार्डामुळे गेली! ३२ जीबीच्या कार्डाला अमेरिकेत ९९.९९ डॉलर, आणि यंत्र २४९.९९चं. सविस्तर नंतर लिहितो.

जुनाखेळाडू

सेव्हपॉइंट, तुम्ही व्हिटापासून सुरुवात केलीत, मी तिच्या आधीच्या पीएसपीपासून करतो. ती डिसेंबर २००४ मध्ये आली आणि तिचेही गेम वेगळेच होते. तरी ती विकली गेली, आणि जपानात तर धो धो. त्यामागे मुख्यतः एक मालिका होती: मॉन्स्टर हंटर. चार जणांनी एकत्र बसायचं, वायरलेसवर यंत्रं जोडायची आणि शिकारीला निघायचं. २०१०चा 'पोर्टेबल थर्ड' जपानात जवळपास ५० लाख गेला. तो अनुभव घरातल्या टीव्हीवर मिळतच नव्हता. त्या गेमची रचनाच एकत्र बसून खेळण्यासाठी झाली होती.

मग २०११ मध्ये ही मालिका बनवणाऱ्या कॅपकॉमने ती निन्टेन्डोच्या थ्रीडीएस या हँडहेल्डवर नेली. व्हिटा दुकानात पोहोचण्याआधीच तिचा सर्वांत मोठा आधार प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता. म्हणजे दोष वेगळ्या गेम्सचा नव्हता. ज्या वेगळ्या गेमसाठी लोक यंत्र घेतात, तोच हातातून निसटला.

आणि दुसरी गोष्ट, जी माझ्या फार जवळची आहे. पॅटापॉन, लोकोरोको, ल्युमिनेस. हे गेम छोट्या स्क्रीनसाठी आणि छोट्या वेळासाठी जन्मले. पुढच्या पिढीच्या पीएस६चा १०० जीबीचा गेम आकसून हातात दिला तर तो हँडहेल्ड गेम होत नाही. तो लहान दिसणारा मोठा गेम होतो. बारीक अक्षरं, लांबलचक कटसीन, आणि पुढच्या सेव्हला अर्धा तास. सेव्हपॉइंटचा अंदाज खरा ठरला तर यंत्र मिळेल, पण ती कला परत येणार नाही. मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

मृण्मयी_स

जुनाखेळाडू, ल्युमिनेसचं नाव काढलंत आणि दिवस सार्थकी लागला.

सेव्हपॉइंट

जुनाखेळाडू, फार छान लिहिलंत. मॉन्स्टर हंटरचा मुद्दा पूर्ण मान्य. पण आजचा काळ पाहा. तीच मालिका आता अनेक यंत्रांवर एकदम येते. एका हँडहेल्डसाठी बाहेरचा मोठा स्टुडिओ वेगळा गेम बनवेल ही अपेक्षाच राहिलेली नाही. आणि छोटे गेम मेलेले नाहीत, ते स्वतंत्र डेव्हलपर बनवतायत आणि सगळीकडे विकतायत. एकच लायब्ररी असलेल्या हँडहेल्डवर ते पहिल्या दिवसापासून असतील. व्हिटाच्या उत्तरार्धात तिला जगवलं तेही याच लोकांनी, आणि जपानी आरपीजींनी (रोल-प्लेइंग गेम्सनी).

अनुजा_के

मी पोर्टल वापरते आणि मला ते आवडतं, म्हणून दुसरी बाजू मांडते.

पोर्टल नोव्हेंबर २०२३ मध्ये १९९.९९ डॉलरला आला तेव्हा सगळ्यांनी नावं ठेवली. स्वतःचा एकही गेम न चालवणारी ८ इंची स्क्रीन कोण घेणार? पण ज्या घरात एकच टीव्ही आहे आणि त्यावर दुसऱ्या कुणाचा हक्क आहे, तिथे त्याचा उपयोग पहिल्या संध्याकाळी कळतो. वर एका वर्षाने त्यात क्लाउड स्ट्रीमिंगची चाचणी सुरू झाली, आणि नोव्हेंबर २०२५ पासून आपल्या लायब्ररीतले बरेच गेमही क्लाउडवरून खेळता येतात. घरचा पीएस५ बंद असला तरी चालतं. त्यासाठी पीएस प्लसची सर्वांत वरची श्रेणी मात्र लागते.

यातून मला कंपनीचा विचार असा दिसतो: महागड्या चिपचा खर्च नाही, डेव्हलपरला एकही पॅच (गेममधला छोटा बदल) करावा लागत नाही, बॅटरीवर ताण नाही, आणि दरमहा वर्गणी. व्यवसाय म्हणून याहून सोपं काय आहे? सोनी हाच मार्ग पुढे रेटेल, आणि नवीन हँडहेल्ड म्हणून जे येईल ते पोर्टलचं सुधारित रूप असेल.

रात्रपाळी

प्रवासात नेट गेलं की पोर्टल म्हणजे सुंदर आरसा. ज्याचं नाव हँडहेल्ड, तो घराबाहेर चाललाच पाहिजे.

अनुजा_के

रात्रपाळी, आरसा छान आहे पण :) आणि तुमचा मुद्दा खरा आहे, मी तो घरातच वापरते. फायटिंग गेममध्ये बटण दाबणं आणि हात हलणं यातला फरकही जाणवतो. पण प्रश्न 'आपल्याला काय हवं' हा नाही. 'सोनी काय करेल' हा आहे.

तंत्रवेडा

थोडं हिशेबाने बोलू. पीएस५ खेळताना साधारण २०० वॅट खातो. वाल्व कंपनीच्या स्टीम डेक या हँडहेल्डची चिप जास्तीत जास्त १५ वॅटवर चालते. म्हणजे तेरापट दरी. चिप बनवण्याची प्रक्रिया सुधारली तरी ही दरी आपोआप भरून निघत नाही.

बॅटरीचं पाहा. स्टीम डेक ओएलईडीत ५० वॅट-तासांची बॅटरी आहे. स्क्रीन, मेमरी, पंखा धरून यंत्राने २५ वॅट खाल्ले तर दोन तास. बॅटरी वाढवली तर वजन वाढतं. पहिली व्हिटा सुमारे २६० ग्रॅमची होती, पहिला स्टीम डेक ६६९ ग्रॅमचा. मनगटं आपली तीच आहेत.

पण खरी अडचण मेमरीच्या वेगाची आहे आणि अफवांच्या बाजारात तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. पीएस५ची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती देते. पहिला स्टीम डेक ८८, निन्टेन्डोचा स्विच २ डॉकमध्ये (टीव्हीला जोडायच्या स्टँडमध्ये) १०२ आणि हातात ६८. मोठ्या कन्सोलमधली जीडीडीआर मेमरी हातात धरायच्या यंत्रात बसत नाही, ती वीज फार खाते. त्यामुळे तुम्ही कितीही ताकदीचं ग्राफिक्स द्या, त्याला दाणापाणी पुरणार नाही.

आता याच्या जोडीला ऑक्टोबर २०२५ची घटना ठेवा. सोनीचे मार्क सर्नी आणि चिप कंपनी एएमडीचे जॅक ह्यून यांनी एकत्र व्हिडिओ करून तीन गोष्टी मांडल्या: न्यूरल अ‍ॅरेज, रेडियन्स कोअर्स आणि युनिव्हर्सल कॉम्प्रेशन. तिसरीचं कामच आहे ग्राफिक्स चिपमधून जाणारी सगळी माहिती दाबून मेमरीवरचा भार कमी करणं. हे सगळं अजून फक्त सिम्युलेशनमध्ये आहे असं सर्नी स्वतःच म्हणाले, आणि पुढच्या कन्सोलमध्ये काही वर्षांनी आणण्याची उत्सुकताही त्यांनी बोलून दाखवली. मोठ्या कन्सोलला याचा फायदा होईलच, पण जिथे मेमरीच कमी पडते त्या लहान यंत्राला तो कितीतरी जास्त होईल. मला त्यात हँडहेल्डची तयारी दिसते.

त्याआधीचा आणखी एक धागा: २०२५ मध्ये पीएस५ला गेमसाठी 'पॉवर सेव्हर' आला. निवडक गेममध्ये कामगिरी कमी करून वीज वाचवतो. विजेच्या बिलासाठी एवढी उठाठेव कुणी करत नाही असं माझं मत. डेव्हलपरना कमी ताकदीच्या प्रोफाइलची सवय लावण्याचा हा रस्ता आहे. हा पुरावा नाही, तर्क आहे, पण मी त्यावर पैज लावेन.

शेवटचीलेव्हल

तंत्रवेडा, प्रतिसाद जपून ठेवतोय. बॅटरी दोन तास, आणि हा धागा वाचायला अडीच. चार्जर जवळ ठेवा मंडळी.

ओंकार_८बिट

पॉवर सेव्हरबद्दल असहमत. वीज वाचवण्याबद्दल सोनी बरीच वर्षं बोलतेय, पर्यावरणाची उद्दिष्टंही जाहीर करते. प्रत्येक सुविधेत हँडहेल्ड शोधायला लागलो तर उद्या कंट्रोलरचा रंग बदलला तरी तोच अर्थ निघेल.

आणि माझा मोठा आक्षेप सेव्हपॉइंट यांच्या मूळ मांडणीवरच आहे. एकच लायब्ररी म्हणजे प्रत्येक गेम दोन ताकदीच्या यंत्रांवर चालवणं. मायक्रोसॉफ्टने हेच केलं, एक्सबॉक्स सिरीज एक्स आणि त्याहून कमी ताकदीचा सिरीज एस. परिणाम? २०२३ मध्ये बाल्डर्स गेट ३ पीसी आणि पीएस५वर आला आणि एक्सबॉक्सवाले वाट पाहत बसले, कारण सिरीज एसवर दोघांनी एका स्क्रीनवर खेळायची सोय जमत नव्हती. शेवटी ऑगस्टमध्ये ती सोय एसवरून वगळायची सूट मिळाली आणि डिसेंबरात गेम आला. आणि सिरीज एस तर भिंतीतल्या प्लगवर चालणारं यंत्र! बॅटरीवरचा हँडहेल्ड त्याहून कमजोर असणार. मग पीएस६च्या प्रत्येक गेमला हे ओझं पाठीवर घेऊन चालावं लागेल.

स्विचचं उदाहरण इथे लागू होत नाही. स्विच मुळात हँडहेल्ड आहे आणि डॉकमध्ये त्याचा वेग वाढतो. तळ एकच आहे. सोनीला मात्र डोंगर आणि तळ दोन्ही एकदम सांभाळायचेत.

सेव्हपॉइंट

ओंकार, या धाग्यातला सर्वांत अवघड प्रश्न तुम्ही विचारलात. प्रत्येक गेम हँडहेल्डवर चालवणं सक्तीचं की ऐच्छिक?

सक्ती केली तर तुम्ही म्हणता तसं मोठ्या यंत्राच्या पायात लहान यंत्र अडकतं. ऐच्छिक ठेवलं तर डेव्हलपर टाळाटाळ करतात, आणि गिऱ्हाईक दुकानात विचारतो, "यावर नक्की काय काय चालतं?" हा प्रश्न गिऱ्हाइकाला पडला की यंत्र अर्धं हरलंच.

मला वाटतं सोनी मधला रस्ता घेईल. स्वतःच्या स्टुडिओंवर सक्ती, बाहेरच्यांना आमिष. आणि फक्त हातात खेळताना न शोभणारी एखादी सोय वगळायची मुभा सुरुवातीपासून लेखी. सिरीज एसला ती सूट उशिरा मिळाली, तोवर बोभाटा होऊन गेला होता.

मृण्मयी_स

मी गेम डेव्हलपर नाही, पण सॉफ्टवेअर तपासणीत आहे, म्हणून एक गोष्ट सांगते. नवीन प्रोफाइल म्हणजे फक्त रेझोल्यूशन खाली आणणं नव्हे. प्रत्येक पातळी, प्रत्येक मेनू, प्रत्येक अपडेट पुन्हा तपासायचा. टीव्हीपासून दूर बसून वाचायची अक्षरं वेगळी आणि हातातल्या स्क्रीनवरची वेगळी. मोठा स्टुडिओ हे पचवेल. दहा जणांच्या स्टुडिओला तो महिन्यांचा खर्च आहे.

म्हणून सोनीचा डाव यशस्वी व्हायचा तर सगळ्यात जास्त पैसा यंत्रावर नको, डेव्हलपरच्या साधनांवर खर्च व्हायला हवा. एक बटण दाबलं की नव्वद टक्के काम आपोआप. उरलेल्या दहा टक्क्यांसाठी सोनीची माणसं मदतीला. हे कुठल्याच जाहिरातीत दिसणार नाही, पण पहिल्या वर्षी किती गेम चालतात ते यावरच ठरेल.

बटणबहाद्दर

आलो. मेमरी कार्ड!

पीएसपीवर चोरट्या गेम्सचा सुळसुळाट झाला होता, म्हणून व्हिटाला फक्त तिचंच कार्ड चालेल अशी व्यवस्था केली. हेतू समजतो. पण बाजारातलं साधं कार्ड कितीतरी स्वस्त असताना त्याच क्षमतेला एवढे पैसे? आणि त्याच २०११च्या ऑगस्टमध्ये निन्टेन्डोने थ्रीडीएसची किंमत २५,००० येनवरून १५,००० येनवर आणली होती. इवातांनी स्वतःचा पगार निम्मा केला होता. समोरचा रक्त सांडून किंमत उतरवतोय आणि तुम्ही कार्डावर कमवताय. व्हिटा २४,९८० येनची, वर कार्ड. हिशेब संपला.

म्हणून माझं भाकीत किंमतीबद्दल आहे. स्विच २ ४४९.९९ डॉलरला आला. पीएस५च्या किमती उतरायच्या ऐवजी चढल्या, २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेतही ५० डॉलरची वाढ झाली. त्यात एआयच्या डेटा सेंटरमुळे मेमरीचे भाव कडाडलेत. तोटा सोसून यंत्र विकायची सोनीची आता तयारी दिसत नाही. या हँडहेल्डची किंमत ऐकून पहिल्या दिवशी सगळे कळवळणार आहेत.

रात्रपाळी

+१. आणि स्टोरेजही आलं त्यात. गेम १०० जीबीचे. १ टीबीच्या खाली दिलं तर रडारड ठरलेली.

चौथागिअर

तुम्ही सगळे निन्टेन्डोकडे बघताय, मला वाटतं सोनी वाल्वकडे बघतेय.

२०२०च्या ऑगस्टमध्ये होरायझन झीरो डॉन हा सोनीचा गेम पीसीवर आला, २०२२च्या जानेवारीत गॉड ऑफ वॉर. पुढच्याच महिन्यात स्टीम डेक बाजारात आला आणि त्यावर गॉड ऑफ वॉर छान चालला. म्हणजे सोनीचा गेम हातात घेऊन खेळायची सोय झाली, पण दुकान वाल्वच्या स्टीमचं. गेमच्या विक्रीत दुकानदाराचा वाटा साधारण ३० टक्के. प्लेस्टेशन स्टोअरमध्ये तो वाटा सोनी घेते, स्टीमवर सोनी तो देते. २०२५च्या ऑक्टोबरात एक्सबॉक्सचं नाव लावून आसूसचा रॉग अ‍ॅलाय आला, त्यावरही स्टीम चालतं.

ज्याला हातातच खेळायचंय तो माणूस आज प्लेस्टेशनच्या दुकानातून बाहेर पडतोय, आणि एकदा त्याची लायब्ररी दुसरीकडे साठली की परत येत नाही. हँडहेल्ड काढायचं सोनीचं खरं कारण मला हे दिसतं. यंत्रावर नफा थोडा मिळाला तरी चालेल, गिऱ्हाईक दुकानात राहिला पाहिजे. अनुजाताई, म्हणूनच मला स्ट्रीमिंग पुरेसं वाटत नाही. स्टीम डेकवाल्याला नेटशिवाय खेळायची सवय लागलीय, त्याला पोर्टल देऊन परत आणता येणार नाही.

अनुजा_के

चौथागिअर, हे पटतंय. पोर्टलसाठी पीएस५ किंवा वरची वर्गणी आधीच असावी लागते, म्हणजे तो आत असलेल्या माणसासाठीच आहे. बाहेर चाललेल्याला थांबवायला दुसरं काहीतरी लागेल. दोन्ही शेजारी विकले जातील असं आता वाटतंय, पोर्टल स्वस्तातला आणि हा महागातला.

ओंकार_८बिट

डिस्कचं काय पण? माझ्याकडे कपाटभर डिस्क आहेत.

जुनाखेळाडू

ओंकार, इतिहास काही आशादायक नाही. २००९च्या पीएसपी गोमधून यूएमडी (पीएसपीची छोटी डिस्क) काढून टाकली, आणि ज्यांच्याकडे यूएमडीचा साठा होता त्यांना तो त्या यंत्रावर वापरायचा मार्गच नव्हता. व्हिटाच्या वेळी जपानात 'यूएमडी पासपोर्ट' काढला, म्हणजे डिस्क नोंदवा आणि डाउनलोड आवृत्ती सवलतीत घ्या. तो जपानाबाहेर आला नाही. आता पीएस५ प्रो तर डिस्क ड्राइव्हशिवायच विकला जातो. हँडहेल्डमध्ये डिस्क नसणार हे गृहीत धरा. पासपोर्टसारखं काही आणलं तर मी पहिला नाव नोंदवीन.

तंत्रवेडा

परत मूळ प्रश्नाकडे येतो, कारण एक बाजू राहून गेली. सगळे पीएस५ आणि पीएस६बद्दल बोलतोय. पीएस४चं काय?

पीएस४ची ताकद १.८४ टेराफ्लॉप (ग्राफिक्सच्या गणनावेगाचं माप), मेमरीचा वेग सेकंदाला १७६ जीबी. स्टीम डेक साधारण १.६ टेराफ्लॉपचा आणि रचनेने कितीतरी आधुनिक. म्हणजे पीएस४ची लायब्ररी आजच्या हँडहेल्ड चिपच्या आवाक्यात आलेली आहे. सोनी म्हणते की चार हजारांहून जास्त पीएस४ गेम पीएस५वर चालतात. तशीच सुसंगतता हँडहेल्डवर पॅचशिवाय देता आली, तर ओंकारच्या सक्ती-ऐच्छिकच्या पेचाची धार पहिल्या दिवशी बोथट होते. हजारो गेम आधीच असतील, पीएस५चे पॅच मागून येतील.

हे सोपं नाही. जुने गेम मूळ हार्डवेअरच्या टायमिंगवर, म्हणजे कुठलं काम किती वेगाने होतं यावर, अवलंबून असतात. पीएस५च्या चिपमध्ये ३६ कॉम्प्युट युनिट (ग्राफिक्सचं काम करणारे भाग) ठेवले, पीएस४ प्रोइतकेच, ते काही योगायोगाने नाही. लहान चिपमध्ये युनिट कमी असतील, तर मूळ पीएस४च्या १८ युनिटच्या आसपास राहावं लागेल किंवा सॉफ्टवेअरने मार्ग काढावा लागेल.

सेव्हपॉइंट

तंत्रवेडा, म्हणजे अफवांमध्ये कॉम्प्युट युनिटचा आकडा आला की १८ वर नजर ठेवायची. आत्तापर्यंत मी त्या आकड्यांकडे लक्षच देत नव्हतो, आता देईन.

जुनाखेळाडू, तुमच्यासाठीही यात काहीतरी आहे. पॅटापॉन, लोकोरोको आणि पॅरापा यांच्या सुधारित आवृत्त्या २०१७ मध्ये पीएस४वर आल्या होत्या. सगळी पीएस४ लायब्ररी चालली, तर ते तिघं पहिल्या दिवशी हातात.

जुनाखेळाडू

ते तिघं आणि ल्युमिनेस रीमास्टर्ड. तेही २०१८ पासून पीएस४वर आहे. मृण्मयी, ऐकताय ना?

मृण्मयी_स

ऐकतेय! किंमत काहीही असो, माझी नोंदणी पक्की. बटणबहाद्दर, तुम्ही कळवळा, मी रांगेत उभी राहते.